पितराचं पाणी

टोस्टाला लोणी लावता लावता श्रोडरसाहेबाने सांगितलं की आमचं कापड लाळेच्या परीक्षेत पास झालं. जळगावातल्या स्टेशनसमोरच्या हॉटेलात आम्ही नाश्त्याला बसलो होतो. सकाळचे आठही वाजले नव्हते, तरी पंख्याची हवा तापलेली. तो पहाटेच्या गाडीने मुंबईहून उतरला होता आणि त्याला धुळ्याला आमच्या कारखान्यात न्यायचं होतं. मी विचारलं, कसली लाळ? त्याने बॅगेतून आमच्याच सोफ्याच्या कापडाचा लाल तुकडा काढला, बोटांनी गोंजारला, आणि मग शांतपणे समजावून सांगितलं. त्याच्या देशात रांगती लेकरं सोफ्याला धरून उभी राहतात. उभं राहिलं की लेकरू समोर जे असेल ते तोंडात घालतं. म्हणून प्रयोगशाळेत लेकराच्या लाळेसारखं पाणी बनवतात, अंगाइतकं कोमट करतात, आणि कापडाचा तुकडा त्यात भिजत ठेवतात. रंग सुटला की कापड नापास. आमचा रंग सुटला नाही. ‘अभिनंदन, मिस्टर पाटील,’ म्हणून त्याने हात पुढे केला. मी हात हातात घेतला, हसलोसुद्धा. आणि आतून असा भडकलो की समोरचा चहा मी तसाच सरकवून ठेवला. माणूस वाईट नव्हता. लेकरांची काळजी घेणाऱ्या माणसाला वाईट कसं म्हणायचं? पण ज्या लेकराला अजून दात आले नाहीत त्याच्या थुंकीची सुद्धा नक्कल करून ठेवणारा एक देश आहे, आणि तो माझ्यासमोर बसून टोस्ट खातो आहे, हे मला सहनच होईना.

गाडीत पुढच्या सीटवर जीवरामदादा बसले होते. ‘तापीरंग फर्निशिंग’ त्यांची. शिरपूरकडच्या शेतकऱ्याच्या पोराने चार पॉवरलूमपासून सुरुवात करून रंगखात्यासकट अख्खा कारखाना उभा केला, हे धुळ्यात पोरंही सांगतात, आणि ते खरं आहे. दादांना इंग्रजी येत नाही. त्यांचं इंग्रजी म्हणजे मी. बी.एस्सी. केमिस्ट्री, रंगखात्याचा इनचार्ज, आणि गेल्या वर्षापासून माझ्या कार्डावर आणखी एक बिरूद छापलंय: पर्यावरण अधिकारी. हे बिरूद दादांनी श्रोडरच्या कंपनीचं पहिलं पत्र आल्यावर मला दिलं. पगार तोच, काम तेच, फक्त पाहुणा आला की तोंडावर पर्यावरण चढवायचं. एरंडोल गेलं. रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबांना तेवढा जीव होता, बाकी सगळं रान करपलेलं. श्रोडर काचेतून बघत होता आणि अधूनमधून विचारत होता, हे कापसाचं शेत का, ही केळी का, इथे पाणी कुठून येतं. मी उत्तरं देत होतो. दादा मागे वळून म्हणायचे, ‘त्यास्ले सांग, आपला बठ्ठा कापूस आठेनाच शे.’ मी सांगायचो, सगळा इथलाच. मी टेपरेकॉर्डरसारखा बोलत होतो आणि आत लाळ, लाळ, लाळ चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सरकारने काही रंगांवर बंदी घातली. आमचा सगळ्यात खपणारा लाल त्यातलाच. कातडीतून अंगात उतरतो, पुढे जाऊन कॅन्सर करतो, असं त्या कागदावर होतं. मी दादांना वाचून दाखवलं. दादा गंभीर झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवे रंग मागवले, महागडे, आणि एक्सपोर्टच्या मालातून जुना लाल काढून टाकला. मला त्यांचा अभिमान वाटला होता, हे मी आजही लपवणार नाही. मग मी विचारलं, जुन्या रंगाचे ड्रम गोदामात पडलेत, त्यांचं काय करायचं? दादा माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी गोदामाला काडी लावायला निघालोय. तो रंग भुसावळ-जळगावच्या दुकानांत जाणाऱ्या मालाला लागणार, त्यात विचारायचं काय? मी म्हटलं, दादा, हा रंग वाईट आहे म्हणून तर आपण बंद केला. दादा हसले. ‘आपला लोके सोफा चाटतस का रे?’ खात्यातले सगळे हसले. मीही हसलो असेन, कारण तो विनोद चांगला होता. पण त्या उन्हाळ्यात लग्नसराई जोरात होती आणि पोरीला सोफासेट देणं म्हणजे बापाची अब्रू. धुळ्याच्या बाजारातून बैलगाडीवर, टेम्पोवर, ट्रॅक्टरवर आमचा लाल सोफा दोर बांधून चाललेला दिसायचा आणि त्यावर नवरीचा धाकटा भाऊ नाहीतर भाचा ऐटीत बसलेला, घामाने ओलाचिंब. मी तोंड फिरवायचो. घामाची परीक्षा आपल्याकडे कोणी घेतली नव्हती.

आणि नवे रंग! त्यांची कथा तर आणखीच. कापडाला ते एकदम सोज्वळ. पण कापडावर सगळे चढत नाहीत, आणि चढवायचे तर टबात पोत्यापोत्याने मीठ ओतावं लागतं. जे चढत नाही ते, आणि ते सगळं मीठ, धुवून नाल्याला. म्हणजे कापड जितकं शुद्ध झालं तितका नाला नासला. हे मला पुस्तकातून कळलं नाही, टबाशी उभं राहून कळलं, आणि मी ते लिहून दिलं, तोंडीही सांगितलं. पाणी स्वच्छ करायची टाकी बांधलेली आहे, पंप आहेत, पण पंप चालवायचा तर विजेचं बिल येतं. तेव्हा पंप पाहुण्यांसाठी. श्रोडरच्या कंपनीने कापड तपासलं, दोरा तपासला, कापडाचा वास तपासला, घडीला लावलेला कागदसुद्धा तपासला. ज्या पाण्यात ते कापड धुतलं त्याचा एक थेंब कधी मागितला नाही. पाणी त्यांच्या सोफ्यावर बसणार नव्हतं. आमच्या कारखान्याच्या फाटकाशी पेंटरकडून रंगवून घेतलेला मोठा फलक आहे, ‘आमची उद्दिष्टे आणि प्रगती’. विषारी रंग शून्य: साध्य. हजार झाडे: प्रगतिपथावर. आणि तिसरी ओळ, जी वाचली की रोज सकाळी माझ्या डोक्याची शीर तडतडते, ‘निमखेडे गावास शुद्ध पिण्याचे पाणी: साध्य’. निमखेडं माझं गाव. कारखान्याच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठावर. आधी नाला लाल केला, मग विहिरी लाल झाल्या, मग दादांनी गावात टँकर सोडला, आणि टँकर फलकावर चढला. तुमची घागर मी फोडली, ही घ्या लोटीभर, आणि आता हार घाला! कोणाला सांगायचं हे? गावाने हार घातला होता. सरपंचाने भाषण केलं. आमचे आबा मागच्या रांगेत बसून होते आणि टाळ्या वाजवायच्या वेळी त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, एवढंच.

आबा म्हणजे माझे वडील, वना पाटील. पौषात गेले, झोपेत. त्यांच्या मरणाचा पाण्याशी काही संबंध आहे असं डॉक्टर म्हणाला नाही आणि मीही म्हणत नाही. सत्तरीचा माणूस, बिड्या ओढणारा. पण ती विहीर त्यांची होती. लग्नाच्या वर्षी त्यांनी आणि त्यांच्या भावाने ती खणली होती, अंगणातच, घरापासून हाकेवर सुद्धा नाही, आणि सगळी गल्ली तिच्यावर भरायची. पाणी गोड म्हणून लांबलांबून बायका यायच्या, आणि आबा ओट्यावर बसून पाणी नेणारीला नाव विचारायचे, जणू दुकानाचं गिऱ्हाईक. पाणी आधी खारं झालं, मग त्याला पिवळट छटा आली, मग तांबूस. बायका यायच्या बंद झाल्या. त्या दुसऱ्या वाटेने जाऊ लागल्या. आबा मात्र तेच पाणी पीत राहिले. मी धुळ्याहून रविवारी यायचो, म्हणायचो, आबा, टँकरचं प्या, हे पाणी बरं नाही, यात काय काय आहे ते मला माहीत आहे, मीच ते सोडतो. ते म्हणायचे, ‘आपली हिर शे. तिले का लोकना समोर नाव ठेवानं?’ माणूस घरातल्या वाया गेलेल्या पोरावर पांघरूण घालतो तसे ते विहिरीवर घालत होते. मला त्यांचा राग यायचा. त्यांनी दादांच्या फाटकासमोर जाऊन बोंब मारायला हवी होती, चार लोक जमवायला हवे होते. ते विहिरीला जपत बसले. आणि राग करायला मी कोण? त्याच फाटकातून रोज आत जाणारा.

पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा दादा माझ्या खांद्यावर हात ठेवून बाजूला घेऊन गेले. ‘अभिमन, साहेबले आधी तुना घर लई जाऊत. आखाजी शे, झोका शेतस, गाना शेतस. आपलं गाव दखाडू. फोटो भारी येतीन.’ आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती हे मी कसा विसरेन? सकाळपासून रस्त्यात प्रत्येक गावच्या कडुनिंबाला झोके दिसत होते, माहेरी आलेल्या पोरी त्यांवर उभ्या राहून गौराईची गाणी म्हणत होत्या. मी महिनाभर आधी सुट्टी मागितली होती आणि श्रोडर नेमका आजच आला. मी म्हटलं, ‘दादा, आज आबानं डेरगं शे.’ आमच्याकडे आखाजीला घरोघर पितरांच्या नावाने पाण्याची घागर पुजतात. पण वर्षाच्या आत गेलेल्या माणसासाठी डेरगं, म्हणजे मोठा लाल माठ, भरतात, आणि त्याच्या नावाने एखाद्या पुरुषाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. पोटच्या पोराला बसता येत नाही. दादांना हे सगळं माहीत. त्यांनी टोपी सारखी केली, डोळे मिटल्यासारखे केले. ‘मंग तर जानंच पडी. वनाआबा मना माणूस व्हता.’ आणि ते खोटं बोलत नव्हते. आबांना अग्नी दिला तेव्हा दादा थंडीत शेवटपर्यंत उभे होते, सरणाला लाकूडही त्यांच्याच ट्रॅक्टरमधून आलं होतं. हेच मला कळत नाही. माणूस पुरता हरामखोर असता तर किती सोपं झालं असतं! शिवी दिली असती आणि मोकळा झालो असतो. मी श्रोडरला सांगितलं की आपण आधी माझ्या घरी जाणार आहोत, सण आहे. त्याला खूप आनंद झाला. म्हणाला, ज्या गावाला आपण पाणी देतो तेच ना हे? ‘आपण’ म्हणाला तो.

गल्लीत ॲम्बेसेडर शिरली तेव्हा दुपार डोक्यावर आली होती. झोक्यावरच्या पोरी गाणं थांबवून बघत राहिल्या. माय दारातच उभी होती, पदर कमरेला खोचलेला, तोंड उतरलेलं. मी तिला आधीच बजावून ठेवलं होतं की डेरगं टँकरच्या पाण्याने भर. ओसरीत पाऊल टाकलं आणि कळलं की तिने ऐकलं नाही. डेरगं गव्हाच्या राशीवर बसवलेलं, गळ्याला हळदीचा दोरा, तोंडावर लोटी, लोटीवर खरबूज. त्याच्या लाल मातीला ओल आली होती आणि खालच्या गव्हाच्या दाण्यांना तांबूस डाग पडले होते. विहिरीचंच पाणी. माझं डोकंच फिरलं. मी हळू आवाजात म्हटलं, माय, मी काय सांगितलं होतं? ती म्हणाली, ‘टँकरनं पानी तुना आबानी कधी पिदं का रे?’ मग तिने एका दमात सगळं सांगितलं. झुलालआबा, माझ्या वडिलांचा जन्माचा जोडीदार, पितर म्हणून बसायला कबूल झाला होता. सकाळी त्याने निरोप धाडला, पोट दुखतं. मग तिने भावकीतल्या पुनाभाऊंना बोलावलं, तर ते अचानक दोंडाईचाला गेलेले. तिसऱ्याच्या घरी गेली तर तो म्हणाला, वहिनी, जेवतो, पण पाण्याचा आग्रह करू नका. आमच्या भावकीत पितराने जेवणावर डेरग्यातलं घोटभर पाणी प्यायलाच लागतं, त्याशिवाय तो उठत नाही. ‘कोनी बठत नही, भाऊ,’ ती म्हणाली. आमच्याकडे आई मुलालाही भाऊच म्हणते. ‘तुना आबा उपाशी शे दुपार लगून.’ अख्खं गाव त्या विहिरीवर वाढलं होतं, आणि आज तिचा एक घोट घ्यायला गावात माणूस नव्हता. मला गावाचा राग आला, आणि राग कसला, मीही तो घोट घेतला नसता. माझा राग मग कुठे जावा? तो फिरून फिरून माझ्याच अंगात बसत होता.

एवढ्यात श्रोडर वाकून, डोकं सांभाळत, चौकटीतून आत आला आणि त्याने मायला दोन्ही हात जोडले. माय त्याच्याकडे बघत राहिली. भर जेवणाच्या वेळी, आखाजीच्या दिवशी, न बोलावलेला माणूस दारात. मी तिच्या चेहऱ्यावर ते उतरताना पाहिलं आणि तरी मला वेळेवर कळलं नाही. तिने त्याच्या पायावर पाणी घातलं. तो बूट काढून, पँट वर करून, हसत उभा. तिने त्याला पाटावर बसवलं. दादांनी कॅमेरा काढला, ‘वा, वा’ म्हणाले, आणि एकदम कॅमेरा खाली केला, कारण मायने तर्जनीने, पितराला लावतात तसं, श्रोडरच्या कपाळाला गंध लावलं. ‘माय, हाई काय करी राह्यनी तू?’ मी म्हटलं. ‘तुना आबानी धाडेल शे तो,’ ती म्हणाली, अगदी खात्रीने. श्रोडरने मला विचारलं, हा स्वागताचा विधी का? मी म्हटलं, हो. खापरावरचे मांडे आले, आमरस आला, कुरडया, सांजोऱ्या. तो हाताने खायला शिकला, आमरस कोपरापर्यंत गेला, दारातल्या पोरी पदरात तोंड घालून हसल्या. मायने दर वाढण्याला मनातल्या मनात काहीतरी म्हटलं. बहुधा आबांचं नाव घेत असावी. ती बाई चार महिन्यांत पहिल्यांदा कोणाला आग्रह करत होती. मला वाटलं, जेवू दे, खाऊ दे, जे चाललंय ते चालू दे. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि एका परक्या, लालबुंद, घामेजलेल्या माणसाला माझा बाप होऊन जेवताना पाहिलं, आणि माझे डोळे भरून आले. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग तिने डेरग्यावरची लोटी उचलली, पाणी घेतलं आणि त्याच्यासमोर काचेचा पेला भरून ठेवला. पाहुण्यासाठी मुद्दाम काचेचा, फळीवरचा, चांगला. पितळेचा असता तर काही दिसलं नसतं. पाणी फिकट तांबूस होतं, पळसाची फुलं भिजत घातल्यासारखं. श्रोडरने पेला उचलला, उजेडाकडे धरला, आणि कौतुकाने विचारलं, हे कशापासून करतात? फुलांपासून? ओसरीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा पटकन माझ्या कानाशी आले. ‘सांग, आखाजीले आमना कडे गुलाबनं सरबत देतस.’ मायने ते ऐकलं. ती दचकली. ‘सरबत नही, दादा. पानी शे. त्यास्नी हिरनं पानी शे.’ आणि मला म्हणाली, ‘एक घोट ले म्हना त्यास्ले. एकच घोट. पितर कोरडा उठाले नको, भाऊ.’ श्रोडर पेला तोंडाशी नेत नेत थांबला होता, माझ्या भाषांतराची वाट बघत. आता बोला, पर्यावरण अधिकारी! एक शब्द गुलाब म्हटला असता तर सगळ्यांचं भलं होत होतं. माझा बाप तृप्त होत होता, माझी आई सुटत होती, दादांची ऑर्डर राहत होती, कारखान्यातल्या दीडदोनशे घरांच्या चुली राहत होत्या, आणि एका घोटाने त्या धडधाकट माणसाला काहीही झालं नसतं. हा हिशेब माझ्या मनात एका क्षणात झाला. आणि मला समोरच्या माणसाचाच संताप आला, की याच्या एका घोटासाठी माझी जीभ अडते आहे, आणि माझ्या बापाने घागरीच्या घागरी प्यायल्या तेव्हा कोणाची जीभ अडली होती?

मी म्हटलं, पिऊ नका. इंग्रजीत, सरळ. म्हटलं, हे माझ्या वडिलांच्या विहिरीचं पाणी आहे, आणि हा रंग तुमच्या सोफ्याचा आहे. तुमच्या परीक्षेत जो सुटला नाही तो इथे सुटला. पंप तुमच्यासाठी आज चालू आहे, उद्या बंद होईल. आणि आज तुम्ही या पाटावर पाहुणा म्हणून बसलेला नाहीत, मेलेल्या माणसाच्या जागी बसलेले आहात, आणि माझी आई म्हणते आहे की तुम्ही हा घोट घेतला नाहीत तर तिचा नवरा वर्षभर तहानलेला राहील. हे सगळं मी एका श्वासात बोललो. माझा आवाज चढला होता आणि पोरी दारातून मागे सरकल्या. श्रोडरचा चेहरा पांढरा पडला. त्याने पेला खाली ठेवला, अगदी हलक्या हाताने, जणू आवाज झाला तर अपमान होईल. तो मायकडे बघून काहीतरी पुटपुटला, मग बॅगेतून सीलबंद पाण्याची बाटली काढली आणि मला विचारलं, हे प्यायलं तर चालेल का, तिच्या समाधानासाठी? मला त्या विचारण्याचा राग यायला हवा होता, पण तो खरोखर विचारत होता. मी मान हलवली, नाही. मायला काही सांगायची गरजच पडली नाही. खाली ठेवलेला पेला तिला दिसत होता.

दादांच्या कपाळाची शीर फुगली होती. त्यांना इंग्रजी कळलं नव्हतं पण माझं तोंड कळलं होतं. ‘अभिमन, काय बोलना तू?’ ते म्हणाले. मी उत्तर द्यायच्या आत माय पुढे झाली. तिने तो पेला उचलला, पदराने त्याचा तळ पुसला, आणि दोन्ही हातांनी दादांसमोर धरला. मला वाटलं, ती आता त्यांना धडा शिकवणार. तसं काही नव्हतं. तिच्या मनात डावपेच नव्हता. तिला फक्त एक पुरुष हवा होता, पोटचा नसलेला, जो घोटभर पाणी पिईल. ‘दादा, मंग तुमी बठा,’ ती म्हणाली. ‘तुमी बी पाव्हनाच शेतस. तुमी त्यास्ले ओळखतस. एक घोट ल्या. मी पाय पडस तुमना.’ आणि खरोखरच ती वाकली, पेल्यातलं पाणी हिंदकळलं. दादांचा हात पुढे आला. हे मी पाहिलं, त्यांच्या बाजूने सांगायला हवं म्हणून सांगतो, त्यांचा हात पेल्यापर्यंत आला होता. आमच्याच तालुक्याचा, आमच्याच रीतीभातीचा माणूस. पितराच्या पेल्याला नाही म्हणणं म्हणजे काय, हे त्यांना श्रोडरसारखं समजावून सांगावं लागत नव्हतं. मग त्यांनी पाण्याकडे पाहिलं. हात मागे गेला. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘वैनी, आज मना उपास शे.’

आखाजीच्या दिवशी उपास! ज्या दिवशी भिकाऱ्याच्या घरीसुद्धा मांडे शिजतात, त्या दिवशी. दारातली एक म्हातारी ‘अगं माय वं’ म्हणाली आणि तिने तोंडावर पदर घेतला. झोक्याच्या दोरीची करकर तेवढी ऐकू येत होती. माय दोन्ही हातांत पेला धरून तशीच उभी राहिली. श्रोडरने पाटावरूनच माझी बाही ओढली, विचारलं, मालक काय म्हणाले? मी सांगितलं, ते म्हणतात त्यांचा उपास आहे. ते का पीत नाहीत हे त्याला बरोबर कळलं. तो पेल्याकडे बघून म्हणाला, मग आता कोण पिणार? त्याच्या आवाजात काही हुशारी नव्हती, त्याला ते खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आणि त्याच वेळी माय माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आते कोन पेई रे, भाऊ?’ पंधरा वर्षं मी या माणसाचं बोलणं त्या माणसाला पोहोचवत आलो. दादांचं साहेबांना, साहेबांचं दादांना, कारखान्याचं गावाला; गावाचं मात्र कधी कोणाला नाही. माझ्या अंगातून संताप असा वर आला की मला माझाच आवाज ओळखू आला नाही. मी ओसरीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, ‘दादा, माय इचारी राह्यनी, आते कोन पेई?’ दादा उंबऱ्याशी वाकून इतक्या साऱ्या चपलांतून आपली चप्पल शोधत होते.